चाड्यावरची मूठ

ही गोष्ट करमाडची. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं आणि शेंद्र्याची एमआयडीसी मागे पडली की करमाड येतं. गावाला रेल्वे स्टेशन आहे, भोवती कपाशी-तुरीची रानं आहेत, आणि रानं आहेत तिथे विहिरी-बोअरच्या मोटरी आहेत. मोटरी आल्या की त्या जळणंही आलंच. जळालेली मोटर घेऊन शेतकरी ज्या दुकानात जात, तिथे एक म्हातारे वाइंडिंगवाले मिस्त्री बसत. पेचकसाचं टोक ते चालत्या मोटरीवर टेकवत, मूठ कानाला लावत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, “बेअरिंग गेलंय.” किंवा, “मोटरीला काही झालं नाही, पंप अडकतोय.” चाळीस वर्षं त्यांचा हाच धंदा होता.

त्यांच्या घरी राहणारा भाचा शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याला आकाशाचा नाद लागला. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, आणि स्वतःच्या हातानं दुर्बीण करून आकाश पाहणारी हौशी माणसं आज आपल्याकडे कुठे ना कुठे भेटतातच. हा त्यांतलाच एक झाला. सहा इंची काचेच्या दोन जाड चकत्या त्यानं आणल्या. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून एकीवर दुसरी घासायला बसला. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. ड्यूटी संपवून रोज दोन तास, असे कितीतरी महिने गेले. आरसा झाला, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला, पीव्हीसीच्या मोठ्या पाइपात तो बसला आणि दुर्बीण उभी राहिली.

पहिल्या रात्री गल्लीतली पोरं गच्चीवर जमली. शेंद्र्याच्या दिव्यांनी पश्चिमेचं आभाळ उजळलेलं असतं, म्हणून दुर्बिणीचं तोंड पूर्वेला, जालन्याकडे केलं. तिथे गुरू वर आला होता. १२० पट मोठं दाखवणारं भिंग लावून भाच्यानं तो मधोमध आणला. पहिल्या पोरानं पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं, तिसरं वाकलं आणि म्हणालं, “दादा, काहीच नाही.” गुरू निघून गेला होता.

तो जाणारच. पृथ्वी फिरते, त्यामुळे आभाळ आपल्या डोक्यावरून पश्चिमेला सरकतं. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. आणि दर सेकंदाला आभाळ पंधरा विकला सरकतं. नुसत्या डोळ्यांना ही चाल कळत नाही. पण दुर्बीण जसं बिंब मोठं करते तशी ही चालही मोठी करते. एवढ्या मोठेपणावर ग्रह दीड मिनिटात काचेच्या या काठापासून त्या काठाला जातो.

रांगेत शेवटी आजी होती, मिस्त्रींची आई. तिला स्टुलावर चढायला वेळ लागला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला काचेतली नेमकी जागा सापडायला आणखी वेळ लागला. जागा सापडली तेव्हा आत नुसता अंधार. भाच्यानं पुन्हा गुरू लावून दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आजी हळूच खाली उतरली आणि म्हणाली, “राहू दे बाबा. तुझा तो देव लई घाईत दिसतोय. पोरांना दाखव तू.”

भाच्याच्या मनाला ते लागलं. त्यानं ठरवलं, दुर्बिणीला मोटर लावायची. आभाळ जसं सरकेल तशी दुर्बीण आपोआप सरकली पाहिजे. आजीला हवा तेवढा वेळ गुरूनं थांबलं पाहिजे.

मोटर कुठली लावायची, हा प्रश्न त्याला अवघड वाटला नाही. दुर्बीण जड आहे, तर मोटर जोरदार पाहिजे. भंगारातून त्यानं ट्रकच्या वायपरची मोटर आणली. पावसात भिजलेली काच पुसणारी ती मोटर, जोराला कमी नव्हती. मध्ये गिअर घातले, रेग्युलेटर लावला, बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली. मोटर फिरली, दुर्बीणही फिरली. पण गुरू कधी पुढे पळे, कधी मागे राही. बॅटरी भरलेली असली की चाल वाढे, उतरली की मंदावे. थंडीनं ग्रीस घट्ट झालं की आणखी मंदावे. रेग्युलेटर अगदी खाली आणला की मोटर गुरगुरे, थांबे आणि एकदम उसळी घेई. महिनाभर झटून त्यानं ती काढून ठेवली.

मग त्यानं मनाशी म्हटलं, चाल पक्की असलेली मोटर पाहिजे. मायक्रोवेव्ह ओव्हनमधलं ताट फिरवणारी चपटी मोटर त्यानं आणली. ही सिंक्रोनस. घरच्या विजेचे सेकंदाला पन्नास झोके असतात, त्या झोक्यांना धरून ती चालते, व्होल्टेज कमी झालं तरी चाल सोडत नाही. चाल खरंच पक्की होती. पण त्या मोटरीची एक खोड होती. सुरू होताना ती कधी उजवीकडे निघे, कधी डावीकडे. ताटाला त्यानं काही फरक पडत नाही, ताऱ्याला पडतो. दुर्बिणीचं जड अंग वर चढवायची वेळ आली की ती अडे. आणि लाइट गेली की सगळंच थांबे. लाइट जाणं करमाडला नवं नव्हतं.

तेव्हा पोरानं पगारातून पैसे साठवून मोठी स्टेपर मोटर घेतली. सत्तावन मिलिमीटर तोंडाची, हातात धरली तर मनगट वाकावं अशी. स्टेपर मोटर एकसारखी घरंगळत नाही, ती पावलं टाकते. एका फेऱ्यात दोनशे पावलं, आणि ड्रायव्हर सर्किटनं प्रत्येक पावलाचे सोळा भाग केले की ३२०० बारीक पावलं. विजेचा जेवढा ठोका द्यावा तेवढंच पाऊल, ना कमी ना जास्त. “आता कुठे जाशील,” असं म्हणत त्यानं ती थेट दुर्बिणीच्या आसावर बसवली. मध्ये गिअर नाही, काही नाही. एवढ्या जोराच्या मोटरीला गिअर कशाला?

त्या रात्री आजी गच्चीवर उन्हाळी वाकळ पांघरून बसली होती. मिस्त्री दुकान बंद करून वर आले होते. भाच्यानं भिंगातून पाहिलं. गुरू मध्यावर स्थिर होता. अर्धं मिनिट हळूहळू सरकला, आणि मग टक्! उडी मारून परत मागे आला. पुन्हा सरकला, पुन्हा टक्! प्रत्येक उडीबरोबर दुर्बीण थरथरे आणि गुरूचं बिंब पाण्यात दगड पडावा तसं हले.

हिशेब साधा होता. पूर्ण वर्तुळात बारा लाख शहाण्णव हजार विकला. त्याला ३२०० नं भागलं की एक पाऊल ४०५ विकलांचं, म्हणजे पावणेसात कलांचं. चंद्राचं बिंबच मुळी तीस कलांचं असतं. मोटरीचं सगळ्यात बारीक पाऊल चंद्राच्या पाचव्या भागाहून मोठं पडत होतं.

पोरगा मटकन खाली बसला. म्हणाला, “मामा, तीन मोटरी झाल्या. आता सर्व्हो घ्यावी लागेल. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या सर्व्होवरच फिरतात.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. बोलली ती आजी.

“मला एक सांग,” ती म्हणाली, “तू तिफण बघितलीस का कधी?”

“बघितली की.”

“मी तिच्यामागं चालले. तुझे आजोबा बैल हाकायचे आणि चाड्यावर मूठ माझी. चाड्यात बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून तीन तासांत पडतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, मूठ घट्ट पाहिजे, हात भारी पाहिजे. तशी धरली तर काय झालं? बोटं उघडली की एका जागी ढीग, आणि पुढं हातभर तास मोकळा. सासू म्हणाली, पोरी, बैलाच्या पायाकडं बघ. बैल जसा पाय टाकील तशी बोटं सैल कर. बी हाताच्या जोरानं पडत नाही, बैलाच्या चालीनं पडतं. तुझी ही मोटर तेच करतीय. ढीग टाकतीय आणि पुढं मोकळं सोडतीय.”

मिस्त्री इतका वेळ दुर्बिणीकडे बघत होते. ते उठले आणि म्हणाले, “आई खरं बोलली. बैल किती वेगानं चालतो ते तू कधी मोजलंस का? तुझा बैल म्हणजे ही पृथ्वी. ती एक फेरा किती वेळात करते?”

“तेवीस तास छप्पन्न मिनिटं चार सेकंद.”

“चोवीस तास नाही?”

“चोवीस तास सूर्याचे, मामा. ताऱ्यांचा दिवस चार मिनिटांनी लहान. म्हणून तर तिकांडं रोज चार मिनिटं आधी उगवतं.”

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. “म्हणजे १४३६ मिनिटांत एक फेरा. माझ्या दुकानातली साधी मोटर एका मिनिटात १४४० फेरे मारते. मी जन्मभर मिनिटाला हजारांनी मोजलं आणि तुला पाहिजे आहे दिवसाला एक. वीस लाख पटींचा फरक आहे, बाळा. तू जोर शोधत बसलास. तुला जोर नको, तुला संथपणा पाहिजे. आणि संथपणा मोटरीत नसतो, तो मोटर आणि दुर्बीण यांच्या मधल्या गिअरात असतो.”

मग त्यांनी मोटर सोडवली, आस मोकळा केला आणि नळीला एका बोटानं ढकललं. नळी धाडकन एका बाजूला कलंडली.

“हे बघ. ही स्वतःच्या तोलावर उभी नाही. तुझ्या तिन्ही मोटरी आभाळामागं चाललेल्याच नव्हत्या, त्या हिला उचलून धरत होत्या. पंप अडकलेला असला की मी मोटर बदलत नाही.”

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातली जुनी लोखंडी वजनं आली. दोन किलोचं आणि एक किलोचं वजन एका सळईवर चढवून दुर्बिणीच्या समोरच्या बाजूला बसवलं. पुढे-मागे सरकवता सरकवता अशी जागा सापडली की नळी जिथे सोडावी तिथेच राहू लागली. आता तिला फिरवायला करंगळी पुरत होती.

मग आस नीट लावला. आभाळ ज्या आसाभोवती फिरतं त्याला दुर्बिणीचा आस समांतर पाहिजे, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला. करमाडहून ध्रुव क्षितिजाच्या फक्त वीस अंश वर दिसतो. हात ताठ लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठी. युरोपातल्या दुर्बिणींच्या चित्रांत आस निम्म्याहून जास्त उभा असतो, आणि भाच्यानं चित्र बघून तसाच उभा केला होता. तो आता खाली आणला, जवळजवळ आडवा.

शेवटी गिअर. एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमधून त्यांनी १८० दात्यांचं गनमेटलचं चाक आणि त्याला बसणारा वर्म कापून आणला. वर्म म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा. त्याचा एक फेरा झाला की चाक एकच दाता पुढे जातं. कापलेले दाते कितीही नीट असले तरी त्यांत बारीक उंचवटे राहतात आणि तारा त्या प्रत्येक उंचवट्यावर डुलतो. मिस्त्रींनी इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट दात्यांना लावली आणि आठवडाभर रोज संध्याकाळी वर्म हातानं फिरवत बसले. मग रॉकेलनं धुतलं, पुसलं, बोटाच्या पेरानं दाते चाचपले, आणि म्हणाले, “आता बोलत नाही.”

मोटर घेतली ती लहान, बेचाळीस मिलिमीटर तोंडाची स्टेपर, तळहातात मावणारी. तिच्यावर वीस दात्यांची पुली, वर्मवर साठ दात्यांची, दोन्हींत पट्टा. आता दोघांनी मिळून हिशेब केला. मोटरीची ३२०० पावलं, गुणिले पट्ट्याचे तीन, गुणिले चाकाचे एकशे ऐंशी: सतरा लाख अठ्ठावीस हजार पावलांत पृथ्वीचा एक फेरा. एक पाऊल पाऊण विकलेचं. फुलवातीच्या ज्योतीसारखा जो तारा हवेनं सतत थरथरतो, त्याच्या थरथरण्यापुढे हे पाऊल दिसणारही नाही.

“सेकंदाला वीस पावलं,” मिस्त्री म्हणाले.

“वीस दिली तर चोवीस तासांचा फेरा होतो, मामा. तो सूर्याचा. ताऱ्यांसाठी वीस पूर्णांक पाच शतांश.”

“एवढ्यानं काय होतं?”

“तासाला अडीच कला मागं राहतो.”

“मग दे बाबा ते पाच शतांश. जे कळतं ते सोडू नये.”

ठोके द्यायला लहानसं आर्डुइनोचं बोर्ड होतं. मनगटी घड्याळात असतो तसला क्वार्ट्‌झचा स्फटिक त्यातही वेळ राखत होता. वीज इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून, म्हणजे लाइट गेली तरी हरकत नव्हती. ड्रायव्हरवरचा बारीक स्क्रू फिरवून करंट कमी केला, कारण तोल साधलेल्या दुर्बिणीला फार जोर लागतच नव्हता.

मोटर सुरू झाली. मिस्त्रींनी तिच्या दांड्यावर ऑइलपेंटचा पांढरा ठिपका लावला आणि पुढ्यात चहा घेऊन बसले. ठिपका हलताना दिसेना. चहा संपला तरी तो फेरा पूर्ण झाला नव्हता. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी तो होता त्या जागी परत आला. आयुष्यभर मोटरींच्या आवाजात वावरलेल्या त्या माणसानं पेचकस टेकवून मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “एवढी सावकाश मोटर मी पहिल्यांदा ऐकली.”

एकच गोष्ट राहिली होती. वर्म आणि चाक यांच्या दात्यांत केसभर जागा सैल असतेच. त्या सैलपणात दुर्बीण कधी या दात्यावर, कधी त्या दात्यावर टेके आणि गुरू थोडा चाळवे. भाचा म्हणाला, “खोडदला यासाठी एका आसाला दोन मोटरी आहेत. एक दुसरीला किंचित विरुद्ध ओढते, म्हणजे दाते सैल पडत नाहीत. पंचेचाळीस मीटरची तबकडी वाऱ्यात उभी असते, तिला ते लागतं.”

“बरोबर आहे. तिथे वारा आहे, तिथे सर्व्हो पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. “आपल्याकडे वारा नाही, पण वजन आहे.” त्यांनी वजन सळईवर नखभर सरकवलं, तेवढ्यानं दुर्बिणीची पूर्वेची बाजू जराशी जड झाली. आता दाते नेहमी एकाच अंगाला टेकून राहिले. दुसऱ्या मोटरीचं काम धरणीच्या ओढीनं केलं.

“मामा, मोटरी नव्हत्या तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी असंच करायचे,” भाचा म्हणाला. “१८२४ साली फ्राउनहोफर नावाच्या कारागिरानं डॉर्पाटच्या वेधशाळेला मोठी दुर्बीण करून दिली. ती घड्याळाच्या यंत्रावर चालायची, दोरीला टांगलेल्या वजनाच्या ओढीनं.”

मिस्त्री हसले. “वजन पडायला लागलं की पळत सुटतं. त्याला लगाम असणारच.”

“होता. विहिरीवरच्या इंजिनाला असतो तसला.”

“गव्हर्नर! म्हणजे त्यांनाही तेच कळलं होतं. ओढ कुठूनही मिळते, चाल राखावी लागते.”

त्या रात्री पोरांना आधी बोलावलं नाही. आधी आजी. ती स्टुलावर सावकाश चढली. एक हात नातवाच्या खांद्यावर ठेवला. डोळा भिंगाशी नेला, जरा मागे घेतला, पुन्हा नेला. खाली संभाजीनगरकडे की जालन्याकडे, कुठलीशी गाडी धडधडत गेली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. कोणी बोललं नाही. नातवानं दुर्बिणीला हात लावला नाही.

“दिसलं,” आजी म्हणाली.

पिवळसर गोल बिंब, त्यावर फिकट पट्टे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना सरळ रेषेत चार ठिपके, गुरूचे चार चंद्र. आजी बराच वेळ बघत राहिली. गुरू जागचा हलला नाही.

“आई, घाईत आहे का गं अजून?” मिस्त्रींनी विचारलं.

“नाही. थांबलाय.” ती डोळा न हलवता म्हणाली. “आणि त्याच्या बाजूला चार दाणे आहेत बघ. चारही तासात पडलेत. ज्यानं पेरलं त्याची मूठ चांगली होती.”

बोध: ज्याच्यासोबत जायचं आहे, त्याची चाल आधी ओळखावी. मग स्वतःचा तोल साधावा. मोटर त्यानंतर निवडावी, आणि लागेल तेवढीच मोठी. वायपरची मोटर वाईट नव्हती, ओव्हनची नव्हती, थोरली स्टेपरही नव्हती; प्रत्येक आपापल्या कामाला चोख होती. चूक होती ती जोरालाच उत्तर समजण्यात. लेकराला चालायला शिकवताना, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना, वर्गातल्या मागे पडलेल्या पोराला गणित सांगतानाही हेच खरं आहे. तिथे आपली ताकद किती हे कोणी विचारत नाही. आपण त्यांच्या पावलानं चाललो की नाही, एवढंच उरतं.